दुखवट्याची करवत

वैशाखरे, ता. मुरबाड
११ जानेवारी २०२५

ती. आक्का,

सा. न. वि. वि. इकडे मी आणि प्रेमा दोघं बरे आहोत. थंडी बरीच आहे. वाल फुलावर आलेत, पावट्याच्या शेंगा भरल्यात. फोनवर मला बोलायला जमत नाही हे तुला माहीत आहे. तू पलीकडून हॅलो हॅलो करतेस आणि मी रेंज गेली म्हणतो. रेंज असते. म्हणून पत्र.

भूमिकाकडे एक काम आहे. ती कल्याणला दातांच्या लॅबमध्ये असते, तिथे बारीक कापायच्या मशिनी असणार. तिला विचार, चार इंची कटर मशीनला बसेल असं लाकडाचं, बारीक दातांचं पातं कुणाकडे वापरलेलं पडून आहे का. नवं नको. वर्ष होईपर्यंत घरात नवी वस्तू घ्यायची नाही.

सुनिलने करायला घेतलेली लाकडाची एसटी मी पुन्हा टेबलावर घेतली आहे. काविळीने पोराला नेलं तेव्हा ती अर्धी होती. दाराच्या बाजूच्या खिडक्या त्याने बसवल्या होत्या, ड्रायव्हरच्या बाजूला नुसती भोकं आहेत. मी नोकरीभर एसटीत तिकिटं दिली, पण एका खिडकीच्या चौकटीला किती पट्ट्या लागतात हे आत्ता कळतंय. पट्टी एक सूत जाड, सागाची. हातकरवतीने काढली तर नागमोडी येते. सुनिल तर जुगाड करून कापायचा. फरशी कापायचा कटर उलटा करून प्लायच्या फळीखाली बोल्टने बसवला आहे, पातं चिरेतून वर येतं. बटण दोरीने बांधलं की झालं. पातं मात्र बोथट झालंय, लाकूड जळतं.

होळीनंतरच्या आठवड्यात त्याचं वर्ष येतं. त्याचे दोस्त येतील. त्या दिवशी गाडी पुरी होऊन फोटोसमोर हवी.

दाजींना नमस्कार. दोन ओळी टाक आणि आहे ती माया राहू दे.

तुझा
हरेश


आटगाव, ता. शहापूर
१९ जानेवारी २०२५

चि. हरेश यास,

आक्काचे आशीर्वाद. वि. वि. रेंज असते, हे तू स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंस ते बरं झालं. पुढच्या खेपेला हॅलो हॅलो करायला लावलंस तर तुलाच वाचून दाखवीन.

भूमीने ड्युटीवरून आल्यावर उभ्या उभ्या पत्र वाचलं आणि चपला न काढता खाली बसली. तिचं म्हणणं, मामाला आधी सांग, ती मशीन चालू करू नको. कटर हातात धरून वापरायचा असतो. उलटा बसवला की त्याचं झाकण खाली राहतं आणि पातं उघडं वर येतं. त्यात बटण बांधलेलं. लाकूड अडकलं तर बटण सोडायचं कसं, त्यावर हात नसतोच. तिच्या लॅबमधली कवळीचे दात घासायची मशीन मुठीएवढी, तरी चष्म्याशिवाय तिथे कुणाला बसू देत नाहीत. सुनिलने वापरली, पण त्याचे हात तरणे होते. हे शेवटचं वाक्य माझं आहे, तिचं नाही.

जुनं पातं ती आणणार नाही म्हणते. अशी मॉडेलं बनवणारे लोक लहानशी टेबल करवत घेतात म्हणे, पोळपाटापेक्षा थोडी मोठी. मला मोबाइलवर तीन दाखवल्या. पहिलीत पत्र्याच्या पेटीवर मोटर आणि पातं, बाकी काही नाही. दुसरीला जाड अॅल्युमिनियमचा माथा, पातं वरखाली करायची चावी, वर पारदर्शक झाकण आणि वेग कमी करायचं बटण. तिसरी परदेशी, तिची किंमत ऐकून तुझे दाजी भजी खायचे थांबले. तेवढ्याने तरी थांबले.

भूमीने पहिलीच पसंत केली होती, आणि त्याचं कारण ऐक. तू लिहिलंस पट्टी एक सूत. पोरीला वाटलं सूत म्हणजे दोरा. मामाला दोऱ्याएवढ्या काड्या कापायच्यात, तर सगळ्यात हलकी मशीन पुरे, असं तिने धरून घेतलं. मी म्हटलं, अगो, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तुझ्या आजाने बैलगाडीचं जू सुतात मोजलंय. तर म्हणाली, मग मामाला मिलिमीटर लिहायला कोणी अडवलंय. आता नीट कळव, फळी केवढी जाड आणि किती लांब कापायची. घेऊन आम्ही देऊ.

तोवर त्या कटरला हात लावू नकोस. प्रेमाला जपून राहायला सांग. उत्तर लवकर दे, मला वाट बघत ठेवायची तुझी जुनी खोड आहे.

तुझी
आक्का


वैशाखरे
२७ जानेवारी २०२५

ती. आक्का,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. फळी चार सूत, म्हणजे अर्धा इंच. भूमीसाठी लिहितो, साडेबारा मिलिमीटर. पट्टी तीन. लांबी हातभर.

पहिली मशीन कामाची नाही. अर्ध्या इंचाच्या सागात हलकी मोटर मध्येच थांबेल. मोटर थांबली की माणूस जोराने ढकलतो, आणि हात घसरतो तो तेव्हाच. शिवाय पत्र्याचा माथा दाबला की वाकणार. तिसरीचं कामच नाही, मला कारखाना काढायचा नाही. दुसरी बरोबर वाटते. पण एक बघायला सांग. लाकूड ज्या आडपट्टीला टेकवून सरकवायचं, ती पुढून मागून दोन्ही टोकांना घट्ट होते का. एकाच टोकाला होत असेल तर मागचं टोक पात्याकडे झुकतं आणि कापलेली पट्टी मध्ये सापडते. सापडली की उलटी उडते. पात्याच्या मागे, त्याच रेषेत एक उभी पत्री असली तर फार चांगलं, म्हणजे चीर मिटत नाही.

हे नुसतं माहितीसाठी लिहिलं. मशीन घेऊ नका. आमचं वर्ष चालू आहे. संक्रांतीला प्रेमाने सुगडं आणली नाहीत. माझ्या चपलेचा अंगठा तुटला तो शिवून घेतला. गावात सगळे पाळतात आणि आम्ही यंत्र आणायचं, हे बरं दिसत नाही. दिसण्याचं सोड, मलाच नको आहे.

वर्ष झाल्यावर घे म्हणशील. तेव्हा उपयोग नाही. गाडी त्या दिवशी हवी. सुनिलची मशीन आहे, ती पुरेल. मी काळजी घेतो.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिहिणं थांबवू नकोस.

तुझा
हरेश


वैशाखरे
३ फेब्रुवारी २०२५

सौ. वन्संना प्रेमाचा नमस्कार. माझा अक्षर वाईट हाय, समजून घ्या. पत्र दूधवाल्याच्या हाती मुरबाडला टाकायला देते, ह्यांना माहीत नाय.

तुमाला ह्यांनी सांगितला नसेल म्हणून लिहिते. परवा ओटीवर पावट्याच्या शेंगा उकडायला ठेवल्या होत्या. ह्यांनी चुलीवरची हंडी उघड्या हातानं उचलली अन् आतमंदी आणून ठेवली, जशी काय पाण्याची कळशी. मी ओरडली. ह्यांना कळलाच नव्हता. दोन बोटांना फोड आले तेव्हा बघतायत. डॉक्टर म्हणाले साखरेनं बोटांची शुद्ध गेली, गरम गार, टोचला कापला, काय समजायचा नाय. हे म्हणाले आक्काला कळवायचा नाय, ती उगाच धावत येल.

अन् अशा बोटांनी ते त्या उघड्या पात्यासमोर बसतात. मी मशीनीचा प्लग कापून भाताच्या कणगीत टाकला. नवा आणायचा नाय, वरीस झाला नाय, म्हणून मला वाटला आता गप बसतील. तर पंख्याचा प्लग काढून तिला लावला. थंडीत पंखा कोणाला लागतो, म्हणतात. मी म्हटला, बोटं तुटली तर मी घास भरवणार नाय. तर म्हणाले, चमच्यानं खाईन.

मला हसू पण आला अन् रडू पण आला. वन्सं, तुमचा ऐकतील तर तुमचाच ऐकतील. माझ्या डोळ्यासमोर आता आणखी काय नको.

दाजींना नमस्कार, भूमीला आशीर्वाद. मनात आमाला जागा ठेवा.

प्रेमा


आटगाव
१० फेब्रुवारी २०२५

हरेश,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते रागाच्या खाली आहेत. बोटांचं मला कळलं. कुणी सांगितलं ते विचारू नकोस, आणि घरात कुणावर डोळे वटारू नकोस.

मशीन आम्ही घेतली. दुसरी. भूमी स्वतः दुकानात गेली, मोबाइलवरच्या फोटोवर विसंबली नाही. आडपट्टी दोन्ही टोकांना घट्ट होते. पात्यामागे पत्री आहे. मोटर कमी व्होल्टची आहे, लाकूड अडकलं तर आपोआप बंद पडते आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही. दुकानदार सांगत होता, याच्यापेक्षा ताकदीची घ्या, दोन इंच पण कापेल. भूमी म्हणाली, ताकद नको, थांबणारी द्या. मला ते पटलं. तुझ्या बोटांना कळत नसेल तर मशीनला तरी कळायला पाहिजे. लाकूड पुढे सारायला दोन काठ्या पण आहेत. हात पात्याच्या वीतभर अलीकडेच राहिला पाहिजे, हे तिने दहा वेळा सांगितलंय.

आता तुझ्या वर्षाचं. तुझ्या घराने नवी वस्तू घ्यायची नाही, कबूल. पण दुखवटा तर बाहेरूनच येतो ना? दुःखातल्या घराला बाहेरच्यांनी नवं द्यायचं, त्याला कोरं नेसवायचं, जेवू घालायचं, हीच रीत आहे आणि ती तुझ्याइतकीच मला माहीत आहे. मागच्या वर्षी मी टोपी-उपरणं घेऊन आले, तू पाटावर बसला नाहीस. चारचौघांतून मी ते तसंच परत नेलं. तो दुखवटा अजून माझ्याकडे बाकी आहे. तो मी या करवतीने देते. आता नाही म्हणायला तुला वाट नाही.

येत्या रविवारी भूमी घेऊन येईल. किन्हवलीवरून सरळगाव, तिथून टोकावड्याच्या जीपने. माझे गुडघे त्या जीपमध्ये बसत नाहीत, नाहीतर मीच आले असते.

कटरला हात लावलास तर माझी शपथ आहे.

तुझी
आक्का


वैशाखरे
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का,

सा. न. वि. वि. भूमी काल येऊन गेली. उन्हात जड खोकं घेऊन आली, जेवून गेली. पोरगी चांगली आहे. मशीन तिने ओटीवर मांडून दाखवली. काम चांगलं केलेलं आहे. पातं सरळ फिरतं, आवाज शिवणयंत्राएवढा.

मी ती घरात घेतलेली नाही. तिला परत ने म्हटलं, तर म्हणाली, मामा, मी हे धूड परत नेणार नाही, माझा पास लोकलचा आहे, टेंपोचा नाही. म्हणून ओटीवर गोणपाटाखाली ठेवली आहे. उंबऱ्याच्या आत आली नाही, तेव्हा घेतली असं होत नाही.

आक्का, तू शब्दात पकडलंस, पण मी काय नाकारलं ते तुला कळलं नाही असं नाही. दुखवटा घेतला की माणूस दुःखातून उठला. मग तो लग्नाला जातो, पंगतीला बसतो, लोक त्याच्याशी भाताच्या भावावर बोलतात. मला कुणी उठवायला नको आहे. मी बसलो आहे तिथे बरा आहे. सुनिलच्या टेबलापाशी, त्याच्या मशीनवर, त्याच्या राहिलेल्या खिडक्या. यात कुणाचं काही बिघडत नाही.

शपथ घालायला नको होतीस. ती मी पाळू शकणार नाही, म्हणून आधीच कळवतो. पट्ट्या एका बैठकीत निघतील. मग मशीन काढून ठेवीन.

मनाला लावून घेऊ नकोस. दाजींची तब्येत कळव.

तुझा
हरेश


वैशाखरे
२३ फेब्रुवारी २०२५

सौ. वन्संना प्रेमाचा नमस्कार.

आधी सांगते, सगळे जागेवर हाय. हात, बोटं, सगळा. मग पुढचा वाचा.

काल दुपारी जेवण झाल्यावर हे मशीनीपाशी बसले. मी म्हटला, तुमच्या बोटांना कळत नाय ना, मग समोरून पट्टी ओढायला मी उभी राहते. माझ्या बोटांना कळता. हे म्हणाले, तू बाजूला हो. मी म्हटला, तुमी उठा, मी बाजूला होते. उठले नाय. मी पण हलली नाय. त्यांना वाटला मी भेडवते. मला वाटला ते बटण बांधणार नाय. दोघांचा पण चुकला.

पहिली पट्टी नीट आली. दुसरीला मधेच अडकला. लाकूड उलटा माझ्याकडून त्यांच्याकडे ओढला गेला, त्याच्यासंगती माझा हात पात्याकडे. बांगड्या तडातडा फुटल्या. मनगटाला काच लागला, रक्त आला. मशीन चालूच. हे दोरी सोडायला बसले, पण त्यांना गाठ सुटेना. बोटांना गाठच सापडेना, वन्सं. नुसती चाचपतायत, माझ्याकडे बघतायत, अन् पातं फिरतंय. मी दुसऱ्या हातानं प्लग ओढला.

मग ह्यांनी मला ओटीवर बसवली, हळद भरली, फडका बांधला. तो पण सैल, गाठ धड मारता येत नाय त्यांना. मीच दातानं आवळला. हसली मी. ते नाय हसले. सांजपर्यंत कटर फळीपासून सोडवून, पुसून, माळ्यावर ठेवला. भात त्यांनी रांधला, चिखल झाला व्हता, खाल्ला.

मला बरा हाय. तुमी घाबरू नका. ते तुमाला पत्र लिहायला बसलेत, मी पण लिहिते म्हणून सांगितलंय. ह्या खेपेला चोरून नाय.

जीव आमच्याकडे असू द्या.

प्रेमा


वैशाखरे
२३ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का,

सा. न. वि. वि. प्रेमाने तुला काय झालं ते लिहिलं आहे. मी वाचलं नाही, पण ती माझ्यापेक्षा नीट लिहील. तिची जखम खोल नाही. आज सकाळी टोकावड्याला नेऊन इंजेक्शन दिलं.

मी तुला लिहिलं होतं की यात कुणाचं काही बिघडत नाही. ते खरं नव्हतं. माझा हात गेला असता तर चाललं असतं, असं मी धरून होतो. ती समोर उभी राहील हे धरलं नव्हतं. गाठ सुटत नव्हती तेव्हा तिच्या तोंडाकडे बघितलं. ती घाबरली नव्हती. ती माझ्यावर रागावली होती. वर्षभरात पहिल्यांदा मी तिच्याकडे नीट बघितलं असेन.

तिच्या फुटलेल्या बांगड्या गोळा करताना एक लक्षात आलं. सगळ्या जुन्या होत्या. साडीही तीच, कोपराजवळ विरलेली. आक्का, मागच्या वर्षी तू दुखवटा घेऊन आलीस तेव्हा माझ्या टोपीखाली तिची साडी होती. मी पाटावर बसलो नाही, म्हणून तिलाही कुणी बसवलं नाही. नवरा उठल्याशिवाय बायको उठत नाही, म्हणून तीही वर्षभर तशीच बसून राहिली. मला हे कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. सुनिल तिचाही होता. मी तो एकट्याचा करून बसलो.

गाडी वर्षाला पुरी होणार नाही. पोरं येतील त्यांना सांगेन, ड्रायव्हरच्या बाजूचं काम चालू आहे. तुझी मशीन चांगली आहे, पण मला तिच्यावर हळूहळू हात बसवावा लागेल, बोटं अशी असताना घाई नको. भूमीला सांग, एखाद्या रविवारी येऊन शेजारी बस आणि मामाला रागव. प्रेमा आडपट्टी धरेल, पात्यापासून लांब.

दुखवटा पोरीच्या हाती पाठवायचा नसतो. तू ये. जीपमध्ये पुढची जागा धरून ठेवायला मी टोकावड्याच्या जीपवाल्या धर्माला सांगतो, गुडघे लांब करून बसता येतील. साडी आण. आधी प्रेमाला पाटावर बसव, तिला नेसव, तिला वाढ. मी त्यानंतर बसेन, आणि मशीन तुझ्या हातून आत घेईन.

कधी येतेस ते कळव. फोन केलास तरी चालेल, मी उचलेन आणि बोलेन.

तुझा
हरेश